वरचा पंचवीस, खालचा पंचवीस

७ फेब्रुवारी

चिरंजीव भावजींना,

आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने आला. आत्ता मनात आशीर्वादाचं नावही नाही, पण देवाचं आटोपून लिहायला बसले आहे, लिहिलेलं खोडायचं नाही म्हणून राहू देते.

तुमचं तुमच्या दादांना आलेलं पत्र मी वाचलं. त्यांनी दाखवलं नाही. चष्म्याच्या घराखाली अर्धं बाहेर ठेवून दुकानात गेले, म्हणजे दाखवल्यासारखंच झालं. तुम्ही लिहिता, 'ती दर वेळी माझा फोन मधेच तोडते. माझ्या लेकीचं, चिऊचं तोंडसुद्धा नीट बघू देत नाही. असल्या बाईबरोबर संसार कसा करायचा? तिला तिच्या भावाकडे पाठवा आणि वरचा मजला विकायला काढा.' वा! बटण तुटलं म्हणून शर्टच चुलीत घालायचा.

धाकटीची वकिली करायला मी बसलेली नाही. तुमची बायको नि मी, आमचं किती पटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती जिना उतरते तेव्हा चार घरांना कळतं. दिवे चालू ठेवून बाहेर जाते. बोलायला लागली की समोरच्याने आपली वेळ येण्याची वाट बघत म्हातारं व्हावं. पण फोन तुटतो त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडण्याआधी तुम्ही मांडून गेलात तो पसारा जरा ऐका.

नोकरीसाठी तिकडे जाण्याआधी तुम्ही माझा जुना कॉम्प्युटर उचलून वर धाकटीला दिलात. त्यात विंडोज होतं ते तसंच ठेवलंत. आणि मला कुठल्याशा ऑफिसाने टाकून दिलेला दुसरा आणून त्यात लिनक्स घातलंत. 'वहिनी, हे फुकट आहे. व्हायरसवाल्याला दरवर्षी पैसे भरायला नकोत.' फुकट म्हटलं की वहिनी पुढचं ऐकत नाहीत, हे तुम्ही बरोबर ओळखून होतात.

देव बघतोय, खोटं लिहिणार नाही. त्यात चांगलंही आहे. तो म्हातारा कॉम्प्युटर बटण दाबलं की उठतो. वर धाकटीचं विंडोज नेमकं कामाच्या वेळी 'बंद करू नका' असं बजावून गोल गोल फिरत बसतं आणि ती हातावर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसते. माझं लिनक्स विचारतं, मी 'नंतर' म्हटलं तर नंतर. उगाच हे घ्या, ते घ्या म्हणून मागे लागत नाही. मला अशी माणसं आवडतात.

पण प्रिंटर! विंडोजला प्रिंटर लावला की ते आपलं आपण जुळवून घेत होतं. याला त्याचं नाव, गाव, कोण कुणाचा, सगळं मी सांगितलं तेव्हा कुठे कागद बाहेर आला, तोही उलटा. माझा इतक्या वर्षांचा हिशोबाचा प्रोग्रॅम यात उघडत नाही. तुम्ही दिलेल्या रकान्यांच्या प्रोग्रॅममध्ये सगळं पुन्हा मांडावं लागलं. आता करसल्लागार म्हणतात, 'बाई, तुमच्या फायलीतले रकाने सरकून येतात.' मी म्हटलं, 'माझ्याकडे जागेवर आहेत, तुमच्याकडे येऊन बिघडतात.' शिवाय ते काळं पान. त्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचे, तेही शिकले. चूक झाली तर कधी एखादी ओळ खरडतं. बरोबर झालं तर काहीच बोलत नाही, खालच्या ओळीवर जाऊन गुमान उभं राहतं. शाबासकी नको मला, पण 'हं' तरी म्हणावं!

आणि नेट. दुकानात पंप दुरुस्तीची जी बिलं होतात, ती दुकानातलं यंत्र माझ्या कॉम्प्युटरला पाठवतं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरला घरात एक कायमचा नंबर हवा, दारावरच्या घरनंबरासारखा, हे तुम्हीच समजावलं होतं. तुम्हीच तो घातलात. शेवटी पंचवीस. तो आता मला तोंडपाठ आहे, कारण ती नंबरांची खिडकी रोज उघडावी लागते. बिलं येता येता नेट बंद पडतं. खिडकी म्हणते, 'जोडलेलं आहे.' जोडलेलं आहे तर चालत का नाही? उत्तर नाही. मग तुमचाच उपाय: उठायचं, जिन्याखालच्या राउटरचं बटण बंद करायचं, चालू करायचं. की जरा वेळ ठीक. आणि लगेच धाकटी जिन्यात.

'ताई, पुन्हा बंद केलंत ना?'

'माझं अडलं होतं.'

'तुमचं अडलं की माझंच कसं तुटतं? मी गिऱ्हाइकाशी बोलत होते. माझी कंपनीतली साहेबीण कानात ओरडतेय!'

'मग तुझ्या विंडोजला सांग जरा कमी खायला. सगळं नेट तेच गिळतं.'

'म्हणजे मी खाते! सरळ सांगा ना, मी या घरात नकोय.'

तिचं काम तुम्हाला माहीत आहे. घरात बसून, कानाला हेडफोन लावून, कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन 'आपली काय सेवा करू' म्हणणारी ती बाई, तिचा उरलेला सगळा राग जिन्यात माझ्या वाट्याला येतो. तो मी सहन करायचा, आणि तुम्ही तिकडून मजला विकायला काढायचा!

या लिनक्सचं काय करायचं ते कळवा. तोवर भावाकडे पाठवण्याची भाषा या घरात चालणार नाही.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भावजींना,

उत्तर मिळालं. मला नाही, तुमच्या दादांच्या मोबाइलवर. चार ओळी. 'लिनक्समध्ये दोष नसतो. वहिनींना म्हणावं, वरच्या विंडोजमध्ये व्हायरस असणार. तिची नेटची वायर काढून टाका म्हणजे वहिनींचं नीट चालेल.'

शाब्बास! इथे घरात बसून आम्हाला दिसेना, तिथून तुम्हाला व्हायरस दिसला.

तिची वायर काढली की तिचं काम गेलं, हे तुम्हाला सुचलं नसेल असं मी मानत नाही. तिच्या कंपनीने तिला शेवटची ताकीद दिली आहे. पुन्हा गिऱ्हाइकाचा फोन मधेच तुटला तर घरी बसा. घरीच बसलेली बाई, तिला आणखी कुठे बसवणार? काम गेलं की ती दादांच्या कमाईवर येणार, ते तिला चालणार नाही, आणि मग ती आपल्या पायांनी भावाकडे जाईल. तिथे दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. म्हणजे तुम्ही 'निघ' म्हणायचं नाही आणि ती निघायची. सुंठीवाचून खोकला गेला.

तुमचे दादा म्हणतात, 'रोजची कटकट आहे. महिनाभर बघू, नाहीतर मी स्वतः तिला पोचवून येतो.' तुमचा भाऊ देवमाणूस आहे, पण देवमाणसाला शांतता फार प्रिय असते. मी त्यांच्याशी दोन वेळा भांडले. कशासाठी भांडले मलाच कळत नाही. ती गेली तर जिना शांत होईल, वीज वाचेल, चिऊचे पाढे घ्यायला मला संध्याकाळी वेळ काढावा लागणार नाही. हल्ली पाढे मीच घेते. वर तिच्या आईचं काम चालू असतं, म्हणून. दुसरं काही नाही.

आज पुन्हा तेच झालं. मी बिलं बघायला बसले, नेट गेलं, राउटरकडे गेले, तर धाकटी आधीच तिथे उभी. बटणावर हात ठेवून. मला म्हणाली, 'हात लावून दाखवा.' माझ्यापेक्षा लहान बाई, माझ्याच घरात, मला!

तेव्हा आता तुम्ही म्हणता तसंच होणार. उद्या मी वर जाऊन माझ्या हाताने तिची वायर काढते. एकदाचा निकाल लागू दे.

वहिनी


२७ फेब्रुवारी

भावजी,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. त्याच पाकिटात हे घालते, दुसरं पाकीट कशाला वाया घालवा. आधी कालचं वाचा, मग हे. क्रम चुकवू नका, म्हणजे मी काल किती खवळले होते आणि आज कुणावर, ते नीट कळेल.

मी वर गेले. वायर काढायचीच म्हणून गेले. माझा कॉम्प्युटर खाली चालूच होता. धाकटी पाठमोरी, हेडफोन गळ्यात. माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाली, 'या. काढा.' आणि तेवढ्यात तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट वर आली. तिने माशी हाकलावी तशी ती बंद केली.

'काय होतं ते?'

'काही नाही. रोज येतं.'

'रोज येतं आणि तू वाचत नाहीस?'

'ताई, हे विंडोज दिवसभर काही ना काही सांगत असतं. हे नवीन घ्या, ते बदला, याचे पैसे भरा. सगळं वाचत बसले तर पोटाचं काम कधी करू?'

'पुन्हा आण बघू.'

'ते काय माझ्या सांगण्यावर येतं? केव्हाही येतं. तुमचा खडखड्या खाली सुरू झाला की येतं.'

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं. पण मी वायरीचा नाद सोडला आणि खाली गेले. माझा कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. वरून तिची हाक, 'आलं!'

'वाच!'

'इंग्रजीत आहे!'

'तुझ्या पदवीचं मग काय लोणचं घालायचं? वाच!'

तिने वाचलं. मग जिन्याच्या टोकाशी येऊन मराठीत सांगितलं, 'याच नंबरचा दुसरा कॉम्प्युटर याच नेटवर्कवर आहे, असं म्हणतंय.'

'कुठल्या नंबरचा?'

ती आत गेली. तिच्या विंडोजमध्ये ती खिडकी कुठल्या कुठे पुरून ठेवलेली असते, चार दारं उघडल्यावर सापडली. तिने आतूनच एकेक आकडा वाचायला सुरुवात केली, आणि शेवटचा तिने म्हणायच्या आत मीच म्हटला.

भावजी, पंचवीस.

मी जिन्यातच बसले. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला पंचवीस नंबर होता, दुकानाची बिलं यावीत म्हणून. तुम्ही तो कॉम्प्युटर उचलून वर नेलात, नंबरासकट. आणि माझ्या नव्याला पुन्हा पंचवीसच घातलात, म्हणजे दुकानातलं यंत्र बदलायला नको. एका घरात एकाच नंबराची दोन दारं. राउटर बिचारा टपालवाल्यासारखा. शेवटी ज्याने हाक मारली त्याच्या हातात टपाल द्यायचा. मी बसले की तिचं तुटणार. ती बोलायला लागली की माझं. मी राउटर बंद करून चालू केला की कोण आधी पुढे होईल त्याचं चालणार. तिचं विंडोज रोज ओरडून सांगत होतं, तिने ऐकलं नाही. मी रोज कान लावून बसले होते, माझं लिनक्स एक शब्द बोललं नाही. आणि आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून एकमेकींची उणीदुणी काढत होतो.

धाकटी माझ्या वरच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, 'म्हणजे ताई, ह्यांचे फोन...'

तुमचा फोन संध्याकाळी येतो. मुलगी दिसावी म्हणून कॉम्प्युटरवर. त्याच वेळी मी खाली दिवसाचा हिशोब जुळवायला बसते. रोज.

'मला वाटायचं हे तोडतात,' ती म्हणाली. 'चिऊ काही सांगायला लागली की नेमका बंद. मी तिला सांगायचे, बाबांना काम आलं. एकदा ती म्हणाली, मी बोलायला लागले की बाबांना काम येतं.'

वाचलंत? आता पुन्हा वाचा.

तुम्ही समजत होतात ती तोडते, ती समजत होती तुम्ही तोडता. यात मी तुमची चूक काढत नाही. नंबर बदलायचा राहिला, राहू शकतो. जाण्याच्या गडबडीत माणसाच्या हातून काहीही राहतं. पण ती एकदा तरी म्हणाली का, की नवरा फोन तोडतो, मला हा संसार नको? ती दुसऱ्या दिवशी पुन्हा केस विंचरून पडद्यासमोर बसत होती. आणि तुम्ही? तुम्ही त्या तुटलेल्या फोनचा पुरावा केलात. दादांना कागदावर लिहून कळवलंत. चिऊला शाळेतून काढून, मजला विकून, बायकोला भावाच्या दारात उभं करायला तुम्हाला एक निमित्त हवं होतं, ते तुम्ही जाण्याआधी स्वतःच्याच हाताने या घरात बसवून गेला होतात. मुद्दाम नाही, हे मला कळतं. म्हणून तर जास्त संताप येतो. मुद्दाम केलं असतंत तर निदान तुमच्या मनात काय आहे ते कळलं असतं.

वर कालपरवा मला सांगता, तिची वायर काढा! आणि मी निघाले होते काढायला. देवाने ती चौकट त्याच क्षणी वर आणली, नाहीतर तुमचं पाप माझ्या हातून झालं असतं.

मी तिला म्हटलं, 'तू सव्वीस घे. माझा पंचवीस दुकानासाठी लागतो.' ती म्हणाली, 'मला कुणी दिलेला नंबर नको.' आणि तिने त्या खिडकीत 'आपोआप घ्या' असं असतं ते निवडलं. आता राउटर देईल तो नंबर तिचा. तिने दुपारभर काम केलं, मी खाली बिलं घेतली, प्रिंटरसुद्धा आज सरळ चालला. एकदाही तुटलं नाही. संध्याकाळी ती खाली आली आणि काही न बोलता माझ्या खोलीतला दिवा बंद करून गेली. मी खिडकीच्या उजेडात बसले होते, दिव्याची गरजच नव्हती. मला हसू आलं. हे तुम्हाला का सांगतेय मी?

दादांना सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, 'मग आता त्याची तक्रार काय राहिली?' तेच मी तुम्हाला विचारते. फोन करा. तुटणार नाही. ती एकच गोष्ट विचारेल, तिचं उत्तर तयार ठेवा.

वहिनी


१९ मार्च

भावजी,

आज कागद नाही. घरातलं नेट आता चांगलं आहे, म्हणून हे माझ्या लिनक्सवर टाइप करून पाठवते. मराठी अक्षरं त्यात छान उमटतात. पोचलं की नाही, हा प्रश्न उरत नाही.

माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही दादांना कळवलंत, 'वहिनी भलत्याच हुशार निघाल्या.' असल्या पाठ थोपटण्याने माझं पोट भरत नाही. पत्रात दुसरं काय काय लिहिलं होतं, त्यावर एक अक्षर नाही.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी वर होते. चोरून ऐकत नव्हते. धाकटीनेच म्हटलं, 'ताई, बसा इथे. नाहीतर मी काय ऐकलं ते उद्या मलाच खरं वाटायचं नाही.' मी तिच्यामागे, पडद्यात दिसणार नाही अशी खाटेवर बसले. खाली माझा कॉम्प्युटर मुद्दाम चालू ठेवला होता. दुकानातून बिलं येत होती.

चिऊ भरपूर बोलली. पडलेला दात दाखवला, बाराचा पाढा म्हटला. शेवटपर्यंत म्हटला. तुमचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं, आणि तेवढ्यापुरता माझा राग उतरला, हेही लिहिते. मग ती दादांबरोबर दुकानात गेली.

धाकटी म्हणाली, 'ताईंचं पत्र मिळालं ना?'

'मिळालं. ते नंबरचं राहून गेलं माझ्याकडून.'

'असू दे. मी तोडत नव्हते, एवढं कळलं ना?'

'कळलं.'

'मग दादांना लिहिलंत ते आता परत घेता?'

तुम्ही पाणी प्यायलात. म्हणालात, 'असं एकदम कसं सांगू? खूप गोष्टी आहेत.'

'सांगा ना. वेळ आहे मला. आज सुट्टी घेतलीय.'

'तू आधी शांत हो.'

'शांतच आहे मी. बघा, ताईंना विचारा. एकच विचारते. येणार आहात की नाही? नाही म्हणालात तरी चालेल. मी रडणार नाही, भावाकडेही जाणार नाही. चिऊला काय सांगायचं तेवढं मला ठरवू दे.'

तुमच्या मागे पंखा सावकाश फिरत होता. त्याची पाती मोजता आली असती इतकं चित्र स्वच्छ होतं. तुमच्या कॉलरचं वरचं बटण उघडं होतं. तुम्ही पडद्याकडे वाकलात आणि म्हणालात, 'हॅलो? हॅलो? तुझा आवाज तुटतोय गं. लाइन खराब आहे तिकडची. नंतर करतो.' आणि तुमचा हात बटणाकडे येताना आम्हाला दिसला.

मी खाली जाऊन पाहिलं. त्याच मिनिटाला दुकानातून आलेलं बिल पडद्यावर होतं, अख्खं.

धाकटी रडली नाही. तोंडावर पाणी मारून आली आणि कंपनीला कळवलं की सुट्टी नको, ती कामावर बसते आहे. मला म्हणाली, 'ताई, जाताना दार ओढून घ्या. गिऱ्हाइकांना मागचा आवाज नको असतो.' मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. आत ती कुणालातरी अगदी गोड आवाजात सांगत होती, 'नाही साहेब, मी आहे. तुम्ही बोला, मला ऐकू येतंय.'

मजला विकायचा नाही, असं दादांनी ठरवलं आहे. तुमचा हिस्सा तुमचा आहे, तो कुणी खाणार नाही. मागायचा असेल तर इथे येऊन, तिच्यासमोर उभं राहून मागा. चिऊला काय सांगायचं ते तिच्या आईने ठरवलं आहे. ते मी तुम्हाला कळवणार नाही.

आणि भावजी, 'आवाज तुटतोय' म्हणालात ना, ते आम्हा दोघींना अगदी स्पष्ट ऐकू आलं.

वहिनी